स्मोकर गार पडला? आधी जोड तपासा

पडद्यावर आकडे दिसतात, बटण दाबलं की आवाज येतो, आतला दिवाही लागतो. पण तासभर उलटला तरी तापमान जागचं हलत नाही. विजेवर चालणारा स्मोकर बिघडतो तो बहुतेक वेळा असा, मुकाट्यानं. जळका वास आलाच तर तो लाकडाच्या धुरात कळत नाही. आत मसाला चोळलेली कोंबडी आणि अंगणात जेवायला बोलावलेली माणसं, अशी पंचाईत. मग घरमालक नवं एलिमेंट मागवतो. ते बसवूनही यंत्र तापलं नाही की कंट्रोलर मागवतो. दोन्हींचे पैसे मोजून झाल्यावर कुणीतरी मागचं झाकण नीट उघडून बघतं आणि खरा दोष सापडतो: एलिमेंटच्या टोकाला लावलेली पाव इंचाची थिंबल, म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवलेली धातूची जोडपट्टी, जळून काळी पडलेली असते.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या ज्या वाचकांच्या मागच्या अंगणात असा स्मोकर उभा आहे, त्यांच्यासाठी ही माहिती. मल्टिमीटर वापरता येत असेल आणि पकड-पान्ह्याची सवय असेल, तर यातलं बरंचसं काम घरी होतं. काय घरी करू नये, तेही पुढे येईलच.

यंत्र तसं साधं आहे. दुहेरी पत्र्याचं, मधे उष्णतारोधक भरलेलं कमरेएवढं कपाट. तळाशी विजेचं एलिमेंट, त्याच्या वर किंवा शेजारी लाकडाच्या चिपांचा ट्रे, मग पाण्याचं भांडं आणि त्यावर जाळ्या. तापमान साधारण 100 ते 275 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38 ते 135 अंश सेल्सिअस. पनीर, बांगडा, कोंबडी यांना हे तापमान झकास मानवतं. भरताचं वांगं मात्र त्यात ठेवू नये. 135 अंशांना वांग्याची साल करपत नाही, आणि साल करपली नाही तर ते भरीत कसलं!

विजेची वाटही लांबलचक नाही. भिंतीतला 120 व्होल्टचा सॉकेट, तिथून वायर, मग पॉवर बोर्ड. बोर्डावरचा रिले कंट्रोलरच्या हुकमानं चालू-बंद होतो. रिलेपासून वीज थर्मल कटआउटमधून एलिमेंटकडे जाते आणि दुसऱ्या तारेनं परत येते. कपाटातल्या हवेचं तापमान एक सेन्सर मोजतो आणि कंट्रोलरला कळवतो. मॉडेलागणिक जागा बदलतात, क्रम बहुधा हाच. जुन्या धाटणीच्या साध्या स्मोकरमध्ये बोर्ड आणि रिले नसतात. वायर, फिरवायचं बटण आणि एलिमेंट, बस्स.

या सगळ्या साखळीत सर्वाधिक छळ होतो तो एलिमेंटजवळच्या जोडाचा. 800 वॅटचं एलिमेंट 120 व्होल्टवर सुमारे 6.7 अँपिअर करंट ओढतं. थिंबल घट्ट बसलेली असेल तर जोडाचा रोध मिलिओहममध्ये असतो, तिथे उष्णता तयार होत नाही म्हटलं तरी चालेल. पण दर वापराला हा जोड तापतो, निवतो, पुन्हा तापतो. पितळी थिंबलची स्प्रिंगसारखी पकड हळूहळू सैल पडते. त्यात धुराबरोबर येणारी आम्लयुक्त ओल आणि चरबीचे कण. धातूवर थर चढतो, रोध वाढतो, रोध वाढला की जोड आणखी तापतो आणि आणखी सैल होतो. रोध अर्ध्या ओहमवर गेला की त्या नखाएवढ्या जागेत जवळपास 21 वॅट उष्णता तयार होऊ लागते. रेडिओ दुरुस्तीचा सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचा असतो, यावरून अंदाज यावा. पुढे काय होणार हे ठरलेलं: थिंबलवरचं प्लॅस्टिक वितळतं, तार ठिसूळ होते आणि एक दिवस सर्किट तुटतं. एलिमेंट बिचारं शाबूत असतं.

कामाला हात घालण्याआधी प्लग काढावा. बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग सॉकेटातून उपसून डोळ्यांसमोर ठेवावा आणि यंत्र पूर्ण निवू द्यावं. या लेखातली मल्टिमीटरची प्रत्येक मोजणी वीज तोडूनच करायची आहे. चालू यंत्राचं झाकण उघडून मीटरची टोकं आत घालण्याचं घरच्या दुरुस्तीत काहीच कारण नाही.

इथे महाराष्ट्रात वाढलेल्या हातांसाठी एक इशारा. आपल्याकडच्या घरगुती वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज आणि काळा म्हणजे न्यूट्रल, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अमेरिकेत काळी तार फेजची, पांढरी न्यूट्रलची आणि हिरवी किंवा उघडी तांब्याची तार अर्थिंगची. म्हणजे पुण्यातल्या सवयीनं काळ्या तारेला ‘निरुपद्रवी’ समजणारा माणूस तिथे नेमका फेजला हात घालतो. त्यात भर म्हणजे यंत्राच्या पोटातल्या तारा कधी तपकिरी-निळ्या असतात, तर कधी दोन्ही एकाच रंगाच्या. म्हणून रंगावर विसंबू नये. उघडल्याबरोबर मोबाइलवर दोन-तीन फोटो काढावेत, प्रत्येक तारेला कागदी टेपचा तुकडा चिकटवून तिची जागा लिहावी आणि कोणती तार प्लगच्या कोणत्या पट्टीपासून येते हे मीटरच्या कंटिन्युइटीवर पाहून घ्यावं. अमेरिकन प्लगची रुंद पट्टी न्यूट्रलची असते, अरुंद फेजची. साध्या स्मोकरमध्ये हे थेट कळतं. बोर्डवाल्या यंत्रात रिले मधे असतो, तिथे बोर्डापर्यंतच माग लागेल. फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली तरी स्मोकर तापतो, म्हणून चूक लक्षातही येत नाही. पण मग रिले न्यूट्रल तोडतो आणि ‘बंद’ असलेल्या एलिमेंटवर फेज तशीच राहते.

उघडायचं कसं? बऱ्याच मॉडेलांना पाठीमागे खाली एक छोटं झाकण असतं. दोन-चार स्क्रू काढले की एलिमेंटची दोन टोकं समोर येतात. काही जुन्या मॉडेलांना ही सोय नाही. त्यांचा मागचा अख्खा पत्रा रिव्हेट मारून बसवलेला असतो. तिथे ड्रिलनं रिव्हेट उडवावे लागतात आणि काम झाल्यावर पत्र्याचे स्क्रू मारावे लागतात. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात आणि आतल्या ग्लासवूलची कुसं त्वचेत शिरतात, तेव्हा जाड हातमोजे आणि मास्क हवाच. यंत्र वॉरंटीत असेल तर मात्र रिव्हेटला हात न लावता आधी कंपनीला कळवावं.

उघडल्यावर मीटरआधी डोळे वापरावेत. थिंबलचा रंग कसा आहे? निळसर-तपकिरी झाक म्हणजे ती तापली आहे. काळी आणि खवले सुटलेली म्हणजे ती गेली. थिंबल हलकेच ओढून पाहावी. नीट असलेली थिंबल पकडीशिवाय निघत नाही. बोटांनी निघाली तर दोष सापडला समजायचं. तारेवरचं आवरण कडक होऊन तडकलंय का, पत्र्याच्या भोकातून जाताना तार घासली गेलीय का, तेही याच वेळी पाहून घ्यावं.

मग मोजणी. एलिमेंटच्या दोन्ही तारा काढून मीटर 200 ओहमच्या रेंजवर लावावा. उत्तर काय यायला हवं ते घरी काढता येतं: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. 800 वॅटला 18 ओहम, 1200 वॅटला 12, 1500 वॅटला 9.6. थोडा इकडे-तिकडे फरक चालतो. मीटरनं आकडाच दाखवला नाही, म्हणजे सर्किट उघडं दाखवलं, तरच एलिमेंट मेलेलं आहे आणि तेव्हाच नवं आणावं. नंतर एक टोक एलिमेंटच्या पायाला आणि दुसरं कपाटाच्या उघड्या धातूला लावून मोठ्या रेंजवर मोजावं. इथे काहीही वाचन यायला नको. थर्मल कटआउट हे बहुधा रुपयाएवढं गोल बटण असतं, दोन पाय असलेलं. यंत्र थंड असताना त्याचा रोध जवळपास शून्य हवा. काहींच्या मध्यभागी दाबायची घुंडी असते. कटआउट उडालं असेल तर ती दाबून पूर्ववत होतं.

ते उडालेलंच राहत असेल तर बदलावं. दोन्ही तारा एकमेकींना जोडून त्याला बगल देण्याचा सल्ला देणारे बरेच भेटतात. तो ऐकू नये. रिले चिकटून बसला तर चरबी साठलेल्या कपाटाला आगीपासून वाचवणारी तेवढीच एक वस्तू आत असते.

आता मुख्य दुरुस्ती. जळकी थिंबल कापून टाकावी आणि तार मागे मागे कापत जावी, तांबं चकचकीत लालसर दिसेपर्यंत. काळवंडलेल्या तांब्यावर नवी थिंबल दाबणं म्हणजे पुढच्या बिघाडाची तारीख ठरवणं. एलिमेंटची चपटी पट्टी बारीक पॉलिश पेपरनं घासून स्वच्छ करावी. ती खड्डे पडून खाल्ली गेली असेल तर मात्र चालू एलिमेंटही बदललेलं बरं. खराब पट्टीवर नवी थिंबल फार टिकत नाही.

थिंबल कोणती घ्यावी इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. हार्डवेअरच्या दुकानात लाल-निळ्या प्लॅस्टिकच्या टोपीच्या थिंबल पाकिटानं मिळतात. त्या मोटारीच्या वायरिंगला ठीक, इथे नाहीत. त्यांचं प्लॅस्टिक साधारण 105 अंश सेल्सिअसपर्यंतच्या कामाचं असतं. स्मोकरसाठी हवी ती निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलची, प्लॅस्टिक नसलेली, ‘हाय टेंपरेचर’ म्हणून विकली जाणारी. ती 480 अंशांच्या आसपासचं तापमान सोसते. ओव्हन दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे ती मिळते आणि किंमत अगदी किरकोळ असते.

तारेचंही तेच. साध्या पीव्हीसी तारेची मजल 105 अंशांपर्यंत. सिलिकॉनची तार प्रकारानुसार 150 किंवा 200 अंशांची. टेफ्लॉन आणि काचधाग्याची 250 अंशांची, तर अभ्रक आणि काचधाग्याचं आवरण असलेली 450 अंशांची. एलिमेंटलगतच्या हातभर तुकड्याला शेवटच्या दोहोंतली एक घ्यावी. कपाटातली हवा 135 अंशांवर थांबत असली तरी एलिमेंटचा पाय त्याहून बराच गरम होतो. जाडी 14 गेज, म्हणजे आपल्या भाषेत 2 चौरस मिलिमीटरहून किंचित जास्त. 1500 वॅटपर्यंत तिला चिंता नाही.

तार पाव इंच सोलावी, एकही धागा तुटू न देता. थिंबलमध्ये घालून क्रिंपिंगच्या हत्यारानं दाबावी. साध्या पकडीनं चेपलेला जोड दिसतो घट्ट, पण दोन-चार वापरांत सैल होतो. दाबून झाल्यावर तार एका हातात आणि थिंबल दुसऱ्या हातात धरून चांगला हिसका द्यावा. तार सुटली तर इथेच सुटलेली बरी. डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोड पक्का करण्याचा मोह आवरावा. जुनं शिसं-कथलाचं सोल्डर 183 अंशांना वितळतं, शिसंविरहित 220च्या आसपास. काळी टेपही इथे नको, ती तापून गळते. आवरण हवंच असेल तर काचधाग्याची स्लीव्ह सरकवावी. शेवटी थिंबल पट्टीवर बसवताना जोर लावावा लागला पाहिजे. अलगद सरकणारी थिंबल फेकून दुसरी घ्यावी.

दुसरी नेहमीची तक्रार वेगळीच असते. स्मोकर लावला की सॉकेटचा जीएफसीआय उडतो. हा आपल्या आरसीसीबीचाच भाऊबंद, पण फार हळवा. आपल्या घरातला आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअर गळतीला उडतो, अमेरिकेतला जीएफसीआय 5च्या आसपास. घराबाहेरच्या सॉकेटना तो तिथे 1970च्या दशकापासून सक्तीचा आहे आणि स्मोकर बाहेरच असतो. दोष बहुधा ओलीचा निघतो. एलिमेंटच्या नळीत नायक्रोमच्या तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते आणि ही भुकटी हवेतली ओल शोषते. हिवाळाभर अंगणात झाकून ठेवलेला स्मोकर मे महिन्यात पहिल्यांदा लावला की जीएफसीआय उडतो, तो यामुळे.

120 व्होल्टवर 5 मिलिअँपिअर म्हणजे 24 किलोओहम. एलिमेंट आणि कपाट यांच्यातला रोध मीटरवर याच्या खाली दिसला तर कारण समोरच आहे. मीटरनं काही दाखवलं नाही तरी एलिमेंट निर्दोष ठरत नाही, कारण मीटर जेमतेम काही व्होल्टवर मोजतो. एलिमेंट काढून घरातल्या ओव्हनमध्ये 250 फॅरनहाइटवर दोन-तीन तास ठेवलं की ओल बहुधा निघून जाते. त्यानंतरही उडत असेल तर एलिमेंट बदलावं किंवा घासून सोललेली तार शोधावी. प्लगची अर्थिंगची गोल पिन कापून हा प्रश्न ‘सोडवणारे’ महाभाग आहेत. त्यांच्या अंगणातल्या ओल्या गवतावर अनवाणी उभं राहू नये, इतकंच.

बाकीचे दोष भराभर. पडदाच काळा असेल तर वायर, प्लग किंवा पॉवर बोर्ड. पडद्यावर सेन्सरची चूक दिसत असेल तर आधी सेन्सरवरचा धुराचा चिकट थर पुसावा आणि त्याचा कनेक्टर काढून पुन्हा बसवावा. तापमान ठरवलेल्या आकड्यापुढे चढतच गेलं तर रिले चिकटला. प्लग काढावा आणि बोर्ड बदलावा. बोर्डावरचे भाग सोल्डर करत बसणं ज्याला त्यातलं कळतं त्यानंच करावं. कंट्रोलर बाद करून बाहेरून पीआयडी कंट्रोलर जोडण्याची हौस अनेकांना असते आणि तापमान त्यानं खरंच छान स्थिर राहतं. पण त्यातला सॉलिड स्टेट रिले खराब होतो तेव्हा बहुधा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. म्हणून मूळचं थर्मल कटआउट त्या सर्किटात कायम हवं. आणि दोष भिंतीतल्या सॉकेटात किंवा घराच्या वायरिंगमध्ये असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनच बोलवावा.

कधी यंत्रात काहीच बिघाड नसतो, दोष एक्स्टेंशन वायरचा असतो. 16 गेजच्या 50 फुटी वायरीत 1500 वॅटच्या स्मोकरला सुमारे 5 व्होल्ट कमी मिळतात आणि उष्णता 8 टक्क्यांनी घटते. थंडीच्या दिवसांत तेवढ्यानंही तापमान रेंगाळतं. 12 गेजची आखूड वायर घ्यावी, शक्य असेल तर एक्स्टेंशन टाळावं.

झाकण लावण्याआधी शेवटची तपासणी: प्लगच्या गोल पिनेपासून कपाटाच्या उघड्या धातूपर्यंतचा रोध एका ओहमच्या आत हवा. मग झाकण लावून यंत्र अंगणात, भिंतीपासून दूर ठेवून जीएफसीआय असलेल्या सॉकेटला लावावं आणि रिकामंच सर्वोच्च तापमानावर तासभर चालवावं. घरात किंवा बंद गॅरेजमध्ये नाही. लाकडाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर असेल तर एलिमेंट चालू असताना पाटीवरच्या वॅटच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. तास संपल्यावर प्लग काढून यंत्र निवू द्यावं आणि झाकण पुन्हा एकदा उघडून थिंबलचा रंग पाहावा. रंग बदलला नसेल तर जोड जमला. पुढे हंगामातून एकदा, वसंतात पहिल्यांदा लावण्याआधी, एवढी तपासणी पुरते.

स्मोकर मधेच गार पडला तेव्हा आत असलेल्या मांसाचाही विचार हवा. 40 ते 140 फॅरनहाइट, म्हणजे 4 ते 60 सेल्सिअस, या टप्प्यात जंतू झपाट्यानं वाढतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम दोन तासांचा आहे आणि बाहेर 90 फॅरनहाइटच्या वर उकाडा असेल तर एकाच तासाचा. तेवढ्या वेळात लक्षात आलं तर कोंबडी सरळ ओव्हनमध्ये ढकलावी आणि आतलं तापमान 165 फॅरनहाइट, म्हणजे 74 सेल्सिअस, होईपर्यंत शिजवावी. बिघाड कधी झाला हेच ठाऊक नसेल तर कोंबडी टाकून द्यावी.

आणि भारतात कायमचं परतण्याची तयारी करणाऱ्यांसाठी: 120 व्होल्टचा स्मोकर प्लग बदलून 230 व्होल्टवर लावला तर 800 वॅटचं एलिमेंट 2900 वॅटच्या वर ओढू पाहतं आणि कंट्रोलर तर त्याआधीच जळतो. जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, त्याची किंमत आणि जहाजाचं भाडं जमेस धरलं तर हिशोब बसत नाही. स्मोकर तिथेच विकून यावा.